गढूळ पाण्याचा तांब्या

नारळ फोडायला काही शिकावं लागत नाही, असा माझा समज होता.

सांगलीच्या पूर्वेला, पाऊस चुकून वाट वाकडी करून येतो अशा भागात माझी सासुरवाडी. नव्वदच्या दशकातल्या त्या साली परतीच्या पावसानं तिथला पाझर तलाव आठ वर्षांनी तुडुंब भरला. सगळं गाव तलावाच्या मातीच्या भिंतीवर जमलं होतं. बायका तलावाची ओटी भरायला खण-नारळ घेऊन आल्या होत्या, आणि पहिला नारळ फोडायचा मान जावई म्हणून माझा. मी साताऱ्याचा शाळामास्तर. सगळी विद्या पणाला लावून नारळ दगडावर आपटला. तो फुटला नाही. उडाला, आणि पाण्याच्या उलट्या बाजूनं भिंतीवरून गडगडत निघाला.

"दाजी, पळाला की वो," मेहुणा म्हणाला. "मास्तरला बघून पोरं पळत्यात तसा."

हशा थांबावा म्हणून मी नारळामागं धावलो. ओल्या गवतावरून पाय सटकला आणि उरलेला उतार नव्या पँटीवर बसूनच उतरलो. खाली उठायला गेलो तर उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. वरून पुन्हा हशा. मीही हसलो असतो, पण भिंतीच्या या बाजूची जमीन कोरडी हवी होती, आणि माझ्या पोटरीभोवतीचं पाणी वाहत होतं.

"इथं पाणी येतंय," मी ओरडलो.

हसणं थांबलं ते सासूबाईंमुळे. साठी उलटलेली बाई, पदर खोचून पूजेच्या ताट-तांब्यासकट त्या खाली आल्या. मोठ्या दुष्काळात रोजगार हमीवर ही भिंत बांधली, तेव्हा त्यांनी डोक्यावरून माती वाहिली होती. त्यांनी ताटातलं हळदकुंकू काढून ठेवलं, माझ्या पायापाशी वाहणारं तांब्याभर पाणी घेऊन ताटात ओतलं आणि थांबल्या. मग त्यांनी पाणी हळूच ओतून टाकलं आणि ताटाच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला गाळ.

"नितळ आलं तर भ्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यात माती हाय. भिंत आतनं चाललीया."

मी तर विज्ञान शिकवणारा. ताबडतोब सूत्रं हाती घेतली. "चिकणमाती आणा, भोक ठासून बंद करा." दोघांनी कुदळी उचलल्यासुद्धा.

"आवं जावईबापू, हितं बूच मारलं तर पाणी शेजारनं फुटंल," सासूबाई म्हणाल्या. "हितनं जुना वढा जात हुता. भिंत नवी हुती तवाबी असंच झालं हुतं. पाण्याला जाऊ द्या. माती तेवढी अडवा."

म्हणजे आधी वाळू, तिच्यावर खडी, वर दगड. पाणी गाळून बाहेर येईल, माती आतच राहील. आणि भिंतीवरचा भार हलका करायला सांडव्यावरची पोती काढायची.

सगळे मेहुण्याकडं बघायला लागले. सांडवा म्हणजे भिंतीच्या टोकाला जादा पाणी निघून जायची वाट. गाव दरसाल त्या वाटेवर मातीनं भरलेली पोती रचून दीड हात पाणी जास्त साठवू बघायचं. तलाव भरायचाच नाही, त्यामुळं ही हौस कधी अंगाशी आली नव्हती. यंदा पुढाकार मेहुण्याचा. आणि गणपतीच्या सुट्टीत त्या कामाला 'लोकसहभाग' असं नाव देऊन टाळ्या वाजवणारा मी.

"आई, आठ वर्सांनी भरलाय," तो म्हणाला. "दीड हात पाणी म्हंजे माज्या द्राक्षबागेचा सगळा उन्हाळा."

"भिंतीच्या खाली काय हाय तुजं? बाग का घर?"

"दोनी."

"मग काय इचारतोस, लेका?"

भिंतीपासून दोन रानं सोडून त्याचं घर दिसत होतं. दारात गाई बांधलेल्या. त्यानं बायकोला हाक मारली, "पोरं आन जनावरं वर घिऊन ये," आणि सदरा काढून कमरेला दोर बांधला.

"वाळू-खडी तुज्याच दारातली लागंल," सासूबाईंनी मागून सांगितलं. नव्या खोलीसाठी त्यानं ती टाकून घेतली होती.

"आता माजं काय मागायचं ऱ्हायलंय का बग," असं म्हणत तो सांडव्याकडं गेलासुद्धा.

मग जी धांदल उडाली! ओटीची ताटं एका बाजूला झाली आणि बायकांची रांग लागली. ट्रॅक्टर वाळू ओतायचा, घमेली हातोहात पुढं सरकायची. माझी बायको पुढच्या टोकाला. मी मधे, दोन मावश्यांच्या कात्रीत.

"मास्तर, हजेरी नंतर घ्या, घमेलं फुडं द्या," एक मावशी म्हणाली. मी दिलं, तर निम्मी वाळू तिच्या पायावर.

तिकडं सांडव्यावर चौघं कमरेएवढ्या पाण्यात, वरच्या थरापासून एकेक पोतं ओढत होते. घाई केली तर लोंढा सुटेल म्हणून सावकाश; पण पाण्याचा आवाज वाढत गेला तसं माझं काळीज घमेल्यापेक्षा जोरात हलायला लागलं. इकडं वाळू पडली, खडी पडली, दगड बसले.

सासूबाई मधूनमधून तिथलं पाणी ताटात घेऊन बघायच्या. दुसऱ्यांदाही गाळ. तिसऱ्यांदा थोडा कमी. ऊन भिंतीपलीकडं उतरलं तेव्हा त्यांनी ताट माझ्यापुढं धरलं. तळावरचे घासल्याचे ओरखडे मोजावेत इतकं स्वच्छ पाणी. ते पाणी तिथल्याच दगडांवर ओतून वर दोन बोटं हळदकुंकू वाहिलं. मला नाचावंसं वाटत होतं.

भिंतीवर आळीपाळीनं पहारा बसला. मेहुण्याचं बिऱ्हाड सासूबाईंकडं, उंचावरच्या जुन्या घरी आलं. तो मात्र पायरीवर बसून, ओढ्यानं निघालेल्या पाण्याचा आवाज ऐकत राहिला. त्याच्याजवळ जाऊन समजुतीचे चार शब्द बोलावेत म्हणून मी घसा साफ केला. तेवढ्यात बायकोनं माझ्या हातात जेवणाचं ताट दिलं.

"तुम्ही गप जेवा," ती म्हणाली. "दादा अजून जेवला नाही. घर राहिलं एवढं पुष्कळ झालं, हे मी त्याला दोन शब्दांत सांगते. तुम्ही समजवायला बसलात, तर तो सकाळपर्यंत उपाशी राहील."