कन्नडमध्ये काय झालं?

निपाणी ते चिकोडी या पट्ट्यात भविष्य सांगणारे पुष्कळ आहेत, पण ज्याचं भविष्य कधीच चुकलं नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे धाकटे काका. त्यांना हात दाखवा, पत्रिका दाखवा, ते ढुंकूनही बघणार नाहीत. त्यांना कळतं ते फक्त टीव्हीवरच्या माणसांचं भविष्य. कोणती सून घर सोडणार, कोणता जावई उलटणार, कुणाचा हरवलेला मुलगा कोणत्या सणाला दारात उभा राहणार, हे ते सहा-आठ महिने आधी सांगून मोकळे होतात. यामागे कसली सिद्धी वगैरे नाही. संध्याकाळी सात वाजता काका स्वतःच्या घरी कन्नड मालिका बघतात. तीच गोष्ट काही महिन्यांनी मराठीत नव्याने बनून येते, तेव्हा आठ वाजता गल्ली ओलांडून आमच्याकडे येतात आणि ती पुन्हा पहिल्यापासून बघतात. जन्मभर बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढलेला माणूस. कुठली गाडी पुढे गेली आणि कुठली मागून येते आहे, एवढं त्यांना बरोबर समजतं.

मात्र ‘तुम्ही आधी बघितलंय म्हणून सांगता’ असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांचं स्वतंत्र शास्त्र आहे. एखादं पात्र काही कारण नसताना परगावी धंद्याला गेलं, की समजावं, तो नट आता परत येत नाही. दोनदा खोकलेला म्हातारा महिना काढत नाही. कन्नडमध्ये कॉफीत पडलेलं विष मराठीत चहात पडणार आणि तिकडे म्हैसूर सिल्कमध्ये वावरणारी खाष्ट सासू इकडे पैठणी नेसून छळणार, हे तर त्यांच्या लेखी बालवाडीतलं ज्ञान. सगळी भाकितं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवतात, त्यामुळे त्यांच्याकडे एकाच चौकोनात ‘दूध नाही’ आणि ‘थोरलीला संशय’ असं दोन्ही वाचायला मिळतं. हे शास्त्र ते घराबाहेरही चालवतात. उचगावला एका साखरपुड्यात नवऱ्यामुलाचा चुलतभाऊ कोपऱ्यात बसून होता. काकांनी मला कोपर मारलं आणि म्हणाले, "त्यो लई गप हाय. लक्ष ठेव." आम्ही दोघं जिलेबी गार करत त्याच्यावर पाळत ठेवून बसलो. त्याची दाढ दुखत होती.

जीव लावायचे तेही दुहेरी. एका मालिकेतले आजोबा गेले तेव्हा काका कन्नडमध्ये रडले, आणि आठ महिन्यांनी मराठीत तेच आजोबा गेले तेव्हा आमच्या घरात बसून पुन्हा रडले. मी म्हटलं, तुम्हाला तर माहीत होतं. उपरण्याने डोळे पुसत त्यांनी मलाच विचारलं, माहीत असलं म्हणून वाईट वाटू नये व्हय?

माझी आई रत्नागिरीकडची. चाळीस वर्षं निपाणीत काढूनही तिचं कन्नड भाजीच्या भावाच्या पुढे सरकलं नाही. त्यामुळे मालिकांच्या बाबतीत ती सर्वस्वी काकांवर अवलंबून. "आधी काही सांगायचं नाही हं, भावजी," असं रोज बजावायची आणि पहिल्या जाहिरातीला स्वतःच विचारायची, "बरं, कन्नडमध्ये काय झालं?" काका सांगायचे ते तंतोतंत. तिला बरं वाटावं म्हणून एक शब्द इकडचा तिकडे करायचे नाहीत. स्टँडवरही त्यांची हीच ख्याती होती. गाडीला दीड तास उशीर असेल तर ‘आत्ता येईल’ असं त्यांनी कधी म्हटलं नाही. लोक शिव्या द्यायचे, पण विश्वास ठेवायचे.

गेल्या वर्षी आई मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. बेळगावात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि स्पष्ट सांगितलं की आत्ता चालल्या नाहीत तर पुढे कायमच्या अंथरुणावर. आई चालेना. पाऊल टेकवलं की भीतीने पांढरीफटक पडायची. आम्ही समजावलं, रागावलो, शेवटी थकून वॉकरवर टॉवेल वाळत घालू लागलो. नेमकी त्याच आठवड्यात मराठी मालिकेतली धाकटी सून जिन्यावरून पडली आणि अंथरुणाला खिळली. आईने पडल्या पडल्या जाहीर केलं, "ती उठली की मी उठेन."

मी काकांना अंगणातच गाठलं. स्टँड दणाणून सोडणारा त्यांचा आवाज, पण त्या दिवशी मला कान पुढे करावा लागला. कन्नडमध्ये ती उठलीच नव्हती. नटीने काम सोडलं, बिछान्यात पडलेल्या सुनेचे थोडे दिवस हाल दाखवले आणि एके दिवशी भिंतीवर फोटो लावून त्याला हार घातला. हे सांगून काका आत गेले, मागोमाग मी. आईने नेहमीचा प्रश्न विचारला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, टॉवेल घातलेल्या वॉकरकडे पाहिलं.

"चालती, वहिनी," ते म्हणाले. "मी बघितलंय की."

त्या दिवसापासून आमच्या घरी एक तिसरीच मालिका सुरू झाली. व्यायामाचा कागद मी दुपारी काकांना वाचून दाखवायचा आणि संध्याकाळी त्यांनी त्याचे भाग करून आईला सांगायचे. कन्नडमधली सून आज पलंगाच्या कडेला बसून दहा वेळा पाय उचलते, थोरली जाऊ दाराआडून बघून जळते. दहा ना, मग मी बारा उचलते, असं आई म्हणायची. जाऊबाई फरशीवर तेल सांडायची, सून ते ओळखून जपून पाऊल टाकायची, की आईही वॉकर धरून तस्संच जपून पाऊल टाकायची. महिन्याभरात ती उंबऱ्यापर्यंत आली. बाहेरच्या दोन पायऱ्या मात्र उतरेना. आणि काकांना रोज धाकधूक. मराठीवाल्यांनी एवढी एक गोष्ट बदलावी, आपलं शास्त्र एकदा तरी चुकावं, म्हणून हा माणूस चक्क देवाला नवस बोलला होता.

मराठीवाल्यांनी काही बदललं नाही. त्या संध्याकाळी आठ वाजले तरी काका आमच्याकडे आले नाहीत; भाग कोणता आहे हे त्यांना ठाऊक होतं. पडद्यावर फोटो आला, हार आला, सगळं कुटुंब रडू लागलं. मी रिमोटकडे हात नेला तर आईने तो धरून ठेवला. तिने भाग शेवटपर्यंत पाहिला. मला वाटलं, आता ही पुन्हा अंथरूण धरणार.

"वॉकर दे," ती म्हणाली.

ती उंबऱ्याशी थांबली. मग कठडा धरून एक पायरी उतरली, दुसरी उतरली. मी दोन्ही हात पसरून तिच्या मागे. गल्लीत एक स्कूटरवाला गाडी बंद करून उभा राहिला. समोरच्या घरात काका बंद टीव्हीपुढे बसले होते. आईला दारात बघून ते ताडकन उठले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली. आई खुर्चीवर टेकली, धापा टाकत राहिली.

"मी खोटं बोललो, वहिनी. ती उठलीच न्हवती."

"कळलं ते," आई म्हणाली. "त्या लोकांना नाही लिहिता आलं. तुम्ही चांगलं सांगत होतात. पुढे काय झालं ते सांगा."

काकांनी तिच्या पावलांकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी आधी सांगणाऱ्या माणसाला ही गोष्ट खरोखरच माहीत नव्हती. मग त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"दुसऱ्या दिवशी ती बाजारला गेली," ते म्हणाले.

"एकटी?"

"न्हाय वो. धाकटा दीर हुता की संगं."