बाबांच्या आवाजाला पुरतील एवढी कार्डं: मारतहळ्ळी ते राजाजीनगर

शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं, सोमवारी ऑपरेशन. घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढावी लागणार, म्हणजे त्यानंतर बाबांचा आवाज नाही. बाबांनी "बरं" म्हणून मान डोलावली आणि बाहेर येऊन मला विचारलं, रिक्षा करायची की बस? मी तिथेच पायऱ्यांवर ठरवून टाकलं, उद्या कार्डं आणायची.

कार्डं म्हणजे कॅमेऱ्याची मेमरी कार्डं. मी मूळची पुण्याची, आता मारतहळ्ळीत राहते, आठवडाभर आयटीत राबते आणि शनिवार-रविवारी लोकांची लग्नं शूट करते. बाबा उपचारासाठी माझ्याकडे आलेत. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण पुण्यात त्यांना ओळखतात ते कबड्डीच्या समालोचनासाठी. आमच्या भागातल्या स्पर्धांमध्ये माईक त्यांच्या हातात असायचा, आणि माईक बंद पडला तरी कुणाचं काही अडायचं नाही. तो आवाज मला हवा होता. गळ्याच्या शिरा ताणलेला चेहरा हवा होता, आणि मध्ये "थांबा बाबा, कार्ड भरलं" असं म्हणायची वेळ यायला नको होती.

"फोनवर घे की," बाबा म्हणाले. आवाज आधीच घोगरा झाला होता. त्यांचं चुकत नव्हतं. पण खरं सांगते, मला त्या दिवशी घरात बसवत नव्हतं. काहीतरी विकत आणायला पळालं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं ना, तसं. बाबा म्हणाले, मग मीही येतो, भिंतीकडे बघत बसून काय करू?

तर शनिवारी सकाळी निघालो. एस. पी. रोडला, म्हणजे इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जायचं असेल तर शनिवारच गाठा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. गाडी अजिबात नेऊ नका, लावायला जागा मिळणं मुश्कील. मारतहळ्ळीहून ऑटोने कुंदलहळ्ळी, तिथून मेट्रोने मॅजेस्टिक, गाडी बदलून पुढचं स्टेशन चिकपेट, आणि मग पायी. मेट्रोत बाबा प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने म्हणत होते. समोरच्या काकूंनी दोनदा वळून बघितलं. एरवी मी त्यांना कोपराने ढोसलं असतं, आज म्हटलं, म्हणा.

आता कामाचं. माझा कॅमेरा सेकंड हँड आहे, पण खातो राजासारखा. त्याच्या एका खाचेत सीएफएक्सप्रेस कार्ड लागतं, आणि मोठ्या क्षमतेचं नवं घ्यायला गेलं तर पाच आकडी किंमत ऐकून घशाला कोरड पडते. दुसऱ्या खाचेत साधं एसडी चालतं. लक्षात ठेवा, कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. व्हिडिओला लागतो तो सलग लिहिण्याचा वेग. त्यासाठी व्ही साठ, व्ही नव्वद असा बारीक शिक्का शोधायचा. माझ्यासारख्या कामाला व्ही साठ पुष्कळ झालं.

पहिल्याच दुकानात एकाने काउंटरखालून चकचकीत कार्ड काढलं. भाव बाजाराच्या निम्मा.

"ओरिजिनल है मॅडम. फुल गॅरंटी."

"बिल देंगे?"

"बिल में प्राइस अलग."

बाबा मला म्हणाले, "गॅरंटी तोंडी आणि किंमत लेखी? चल गं, इथून उठ." चांगले खणखणीत मराठीत म्हणाले. दुकानदाराला भाषा कळली नसेल, सूर बरोबर कळला.

पुढे एका दुकानात मात्र चांगला सौदा झाला. कॅमेऱ्याला केबलने जोडायचा एसएसडी घेतला, म्हणजे खिशात मावणारी ड्राइव्ह. ज्यांचा कॅमेरा यूएसबीवर रेकॉर्डिंग करू देतो त्यांच्यासाठी स्वस्तात मस्त हाच मार्ग आहे, एका महागड्या कार्डाच्या पैशात कितीतरी जास्त जागा. फक्त केबल पकडून ठेवणारी क्लिप जरूर घ्या. केबल हलली की काम संपलं.

तरी मला हाताशी दोन-तीन कार्डं हवी होतीच. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजाजीनगरच्या एका बाईंनी टाकलं होतं, मुलाची तीन कार्डं विकायची आहेत. मुलगा लग्नाच्या फिल्म करायचा, आता परदेशात नोकरीला आहे. सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच. चिकपेटहून राजाजीनगर एकाच मेट्रोत होतं, बदलाबदली नाही. वाटेत एका दर्शिनीत उभ्याउभ्या इडली आणि कॉफी घेतली. बाबांना गिळायला त्रास होत होता. सांबारात बुडवून बुडवून त्यांनी एक इडली अर्ध्या तासात संपवली, आणि मी उगाच फोनमध्ये बघत राहिले.

अक्कांचं घर पहिल्या मजल्यावर. खाली त्यांचा भाडेकरू, शिंप्याचं दुकान. "या, या, स्वल्प बसा," अक्का म्हणाल्या. यजमान इथल्याच सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, त्यांचा सगळा संसार इथे झाला. मराठी गोड, पण कानडीत भिजलेलं. त्यांनी एक कार्ड माझ्या हातात दिलं. "हे लावून बघ. बाकीची पण सगळी खाली आहेत." आणि कॉफी करायला आत गेल्या.

मी कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं (जुनं कार्ड कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं), कॅमेरा टेबलावर दाराकडे तोंड करून ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. वापरलेलं कार्ड घेताना ते काठोकाठ भरून बघायचं, मध्येच थांबलं तर घ्यायचं नाही. मान वर केली तर बाबा गायब.

दहाएक मिनिटांनी धापा टाकत आले. हातात शिंप्याचं व्हिजिटिंग कार्ड.

"अहो, खाली एवढंच कार्ड आहे," ते अक्कांना म्हणाले. "त्या माणसाने आधी माझ्या छातीचं माप घेतलं, मग हे दिलं."

अक्का कॉफीचा ट्रे घेऊन दारातच उभ्या. "अय्यो अण्णा! खाली म्हणजे आत काही नाही! खाली दोसा असतो की नाही, आत भाजी नसलेला? तसं!"

"मराठीत खाली म्हणजे जिन्याच्या खाली!"

"मग आमचं काय फारसी आहे? आमचं पण मराठीच की हो!"

अक्का ट्रे ठेवून हसायला लागल्या, बाबाही हसायला लागले, आणि मग अचानक ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि त्यांचा तो आवाज लागला. घोगरा होता, चिरका होता, पण तोच. "आणि चढाईपटू निघाला! एकेक पायरी उतरत शत्रूच्या मैदानात! शिंप्याने टेप टाकलाय, छातीला पकड, कमरेला पकड, सुटला का? सुटला! कार्ड घेऊन मध्यरेषेकडे येतोय..." तिथे त्यांचा दम तुटला. त्यांनी हात वर करून फक्त बोटाने गुण मागितला. अक्कांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात पाणी आणायला म्हणून गेले आणि नळाखाली तोंड धुतलं.

कार्ड मध्ये कुठेही थांबलं नाही. तिन्ही घेतली, नव्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात. निघताना अक्का बाबांना म्हणाल्या, "बरे झालात की परत या, खाली नाही, वर." त्यांना ऑपरेशनचं मी फोनवर सांगितलं होतं. बाबा त्यांच्याच कानडीत म्हणाले, "सरी," म्हणजे बरं.

रविवारी घरी दिवे लावले, माईक लावला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि पार शासकीय कार्यक्रम झाला. "उपस्थित मान्यवर," म्हणाले. मी ओरडले तेव्हा जरा सैल झाले. मग जुन्या सामन्यांचं बोलले, आईला बघायला गेले होते त्याचं बोलले, गूळपोळीत किसलेल्या खोबऱ्याची गरज का नाही यावर तावातावाने बोलले. मध्ये मध्ये विचारायचे, "अगं, किती जागा उरली? उगाच भरवू नकोस." मी म्हणायचे, भरपूर आहे, बोला. थकले की झोपायचे, उठले की पुन्हा बोलायचे.

सोमवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही.

आता काही आठवडे झालेत. सगळं फुटेज दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवून ठेवलंय, तुम्हीही ठेवा, एका प्रतीवर विसंबू नका. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना मी एकच गोष्ट शोधत होते, आणि ती त्यात नाही. माझं नाव. "अगं" आहे, "ए" आहे, "चल गं" आहे. पण बाबा मला ज्या नावाने हाक मारायचे ते एकदाही नाही. असणार कसं? नावाने हाक आपण लांबच्या माणसाला मारतो. मी त्या दोन दिवसांत त्यांच्या शेजारून हललेच नाही. एकदा जरी मी कॅमेरा चालू ठेवून बाल्कनीत जाऊन बसले असते तर त्यांनी मारली असती. कार्डांवर कितीतरी जागा उरली आहे. मला ती हाक फार हवी आहे.

आता माझ्याकडून काही हवं असलं की बाबा पलंगावरून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात. परवा दुपारी पेला वाजला आणि मी ओ दिली नाही. लहानपणी पहिल्या हाकेला मी कधीच उठायचे नाही. दुसरी हाक जरा चिडून यायची, तेव्हा उठायचे. मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. पेला पुन्हा वाजला, मोठ्याने, चांगला चिडून.

"आले बाबा," मी म्हणाले आणि गेले.