एका दाताची खाच

२०१९ साल. मला चौसष्ट पुरी झालेली. भुताखेताच्या गप्पा हाणणाऱ्याला मी कधी दारात उभं केलं नाही, आजही करत नाही. इथं असले अनुभव लिहिणारे निम्मे तर नुसते भित्रे. तरी लिहितोय... मी चौथी पास, चुका काढत बसू नका.

शेवगाव तालुक्यातला एक साखर कारखाना. नाव सांगणार नाही. मी तिथं सांडपाण्याच्या टाकीवर. कारखान्याचं घाण पाणी टाकीत येतं, खालून मोटरनं हवा सोडतात आणि पाण्यातले जिवाणू ती घाण खाऊन टाकतात. मग निवळलेलं पाणी ओढ्याला. त्याच ओढ्याच्या काठाला माझी वस्ती अन् विहीर.

माझ्याआधी टाकीवर योहान होता. एकटा जीव, तोंडात वरचा एकच दात. उसाचं गाळप बंद असलं की टाकीत घाण येत नाही, जिवाणू उपाशी मरतात. म्हणून हा येडा सगळा उन्हाळा-पावसाळा त्यांना शेण कालवून घालायचा, वर गूळ. गुळाचा खडा आधी स्वतः चावायचा, उरलेला टाकीत.

"आदी बापानं खायचं, मंग पोरांनी," म्हणायचा.

"आरं जंतू हायेत ते! पोरं कसली?"

"तुला न्हाई कळायचं, पाटील. तू घानीला घानच म्हननार."

मला तोंडावर असं बोलणारा तो एकटाच.

तो मेला, टाकी माझ्याकडं आली. मी बागायतदाराचा पोरगा – गटारीला गूळ चारू? हवेची मोटरपण बंद ठेवली. रजिस्टरला रोज "शेण, गूळ दिला" लिहायचं अन् गूळ घरी चहाला.

मोळी टाकून गाळप सुरू व्हायला तीन दिवस उरले तेव्हा लॅबच्या मॅडम आल्या. पुण्याच्या, नाकाला रुमाल. टाकी काळीठिक्कर, वास सडक्या अंड्यांचा. त्यांनी काचेच्या नळकांड्यात लिटरभर पाणी धरलं. टाकी जिवंत असली की अर्ध्या तासात तपकिरी गाळ तळाला बसतो, वर स्वच्छ पाणी. इथं काहीच बसेना.

"काका, हे सगळं मेलंय. रोज शेण-गूळ दिलंत ना?"

"रजिस्टर बघा की."

"नवीन तयार व्हायला वीस दिवस तरी लागतील. तोवर घाण पाणी तसंच ओढ्यात जाणार."

ओढ्यात म्हणजे माझ्या विहिरीत. सूनबाई सातव्या महिन्यात, तेच पाणी पीत होती. मॅडम गेल्या तशी मी हवेची मोटर चालू केली, फाटकाला कुलूप घातलं, एकुलती एक किल्ली करगोट्याला बांधली अन् घरी गेलो. 

सकाळी सातला आलो. कुलूप जसंच्या तसं. आत शिरलो तर... नांगरलेल्या ओल्या रानाचा वास. टाकीवर तपकिरी फेस. नळकांडं भरून बसलो – गाळ तळाला, वर पाणी असं, की पलीकडचं बोट दिसावं.

आणि कठड्यावर गुळाचा खडा. कोपऱ्यातून चावलेला. एकाच दाताची खाच.

माझ्या तोंडात अजून सगळे दात आहेत, सांगून ठेवतो.

मॅडम म्हणाल्या, "थोडे जिवाणू तग धरून असतील." काल वीस दिवस सांगणारी हीच बाई! गुळाचं विचारलं तर म्हणते, "उंदरानं कुरतडला असेल." उंदराला एक दात असतो का? पगार कशाचा घेतात देव जाणे. अन् शेजारचा फिटर म्हणतो, योहानच्या कबरीवर मेणबत्ती लाव. त्यालाही हाकलला. दोघांनाही काही कळत नाही... मलाही नाही. पण मी निदान कळल्याचा आव आणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला गुळाचा डबा उचलला. टाकीवर आलो, फाटक आतून लावून घेतलं. कोपरापर्यंत हात घालून शेण कालवलं, टाकीत सोडलं. इकडंतिकडं बघितलं. खडा आधी चावला, मग उरलेला पाण्यात टाकला.

रजिस्टरला त्या दिवशी काहीच लिहिलं नाही.