आधी घालून दाखवा

शिवणवाल्या मावशी बाई मोठ्या खमक्या. गिऱ्हाइकानं कपडा अंगात घालून, हात वर करून, खाली बसून दाखवल्याशिवाय त्या तो कधीच घडी घालून देत नसत.

त्यांची नवी कोरी गाडी मात्र चढ आला की बंद पडायची. शोरूमवाल्यांनी ती चारदा दुरुस्तीला ठेवून घेतली आणि चारही वेळा कागदावर लिहून दिलं, ‘दोष आढळला नाही.’ मावशींनी एकाही कागदावर सही केली नाही.

पाचव्या खेपेला मॅनेजर म्हणाला, “मावशी, तुम्हालाच नीट चालवता येत नसेल.”

झालं! मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मग तुम्हीच चालवून दाखवा,” म्हणत त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

पुलाच्या चढावर गाडीनं मान टाकली. मागून हॉर्नचा गदारोळ, मॅनेजरला दरदरून घाम. मावशींनी मागूनच कागद आणि पेन पुढे केलं. “लिहा आता, काय आढळलं ते!”

मॅनेजरनं लिहून दिलेल्या त्याच एका कागदाच्या जोरावर ग्राहक न्यायालयानं शोरूमला गाडी बदलून द्यायला लावली. दुसरी गाडी आली तेव्हा मॅनेजरनं हसतमुखानं किल्ली पुढे केली. पण घ्यायला समोर होतंच कोण? मावशी केव्हाच मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या.

“चला, आधी पुलावर!”