जुनी केलेली काच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सांगायला बसले की बोलणं दुसरीकडेच वळतं — रंगांकडे. आताही वळेल बघा. वळू द्या थोडं.

रंग मी घरी करायची. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली; रेणापूरजवळच्या खेड्यातून लातूरला येऊन बी.ए. झाले. हे मी तेव्हा कुणी न विचारता सांगायची — आताही सांगितलंच, नाही का? नोकरी नव्हती. भूकंपाला तीन वर्षं झालेली, आणि गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. त्यांना शिकवायला प्लास्टरची तळहाताएवढी मॉडेल्स लागायची. हृदय, डोळा, बेडूक — ती मी करून द्यायची. दुकानातला रंग त्यावर मेणासारखा बसे. मग मोहरमचे ताजिये सजवणाऱ्या रहीमचाचांकडून शिकले — हिरड्याच्या काढ्यात गंजके खिळे चार दिवस घालायचे, काळीभोर शाई होते. तिच्यात बाभळीचा डिंक. पाण्यात पातळ करून ती मॉडेलवर सोडायची आणि वरची फडक्यानं टिपायची. खाचांमधली तेवढी राहते. कालचं प्लास्टर पन्नास वर्षांचं दिसायला लागतं. चाचा चिडवायचे, "बी.ए. हुई, पन पानी का अंदाज नै आया तेरेकू!"

पण आला होता. नव्याला जुनं करण्यात माझा हात धरणारं लातुरात कुणी नव्हतं.

मी जिथं जेवायची त्या मुलींच्या मेसमध्ये काशीबाई भाकरी करायच्या. भूकंपात त्यांचं घर पडलं, नवरा गेला, दहावीतली लेक सुनीता गेली. त्या स्वतः दवाखान्यात बेशुद्ध. शुद्धीवर आल्या तोवर गावात सगळं उरकलं होतं. लेकीचं तोंड बघायला मिळालं नाही, तिची एक वस्तू हाती लागली नाही.

एक दिवस त्यांनी तुपाचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत पांढरी माती — त्यांच्या माळवदाची. छताची. जी अंगावर आली, ती.

"म्याडम, तुमी बेडकाचं काळीज करता, तसं माजं घर करा की. ल्हानसं. रंग मातर ह्याच मातीचा द्या."

घर झकास जमलं. दार, माळवदावर जाणारा जिना, सुनीता अभ्यासाला बसायची तो कोपरा. मग रंगासाठी माती पाण्यात कालवली, फडक्यातून गाळायला घेतली, आणि बोटाला काहीतरी टोचलं. हिरव्या काचेचा तुकडा. नखाएवढा. बांगडीचा.

काय करायला हवं होतं? तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. पण ती माती मला मढ्यासारखी वाटली. शुभ-अशुभ मी मानत नाही, असं आईशी भांडून सांगणारी मी — माती, फडकं, काच, सगळं मागच्या नालीत ओतलं आणि तीनदा साबणानं हात धुतले. घराला खडूची पूड आणि डिंक फासला.

दोन दिवसांनी घर दिलं. काशीबाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं. "हाव. हीच माती." मग हळूच — "गाळताना काई निघालं का वो? न्हाई, महालक्ष्म्यांना हिरव्या बांगड्या भरल्या व्हत्या तिला. म्हनलं, एखादा तुकडा तरी…"

"निघालाय," मी म्हणाले. "खोलीवर आहे. उद्या आणते."

का म्हणाले? नाही म्हणता आलं असतं. खरं तर खरंही सांगता आलं असतं.

त्या दिवशी नालीत कोपरापर्यंत हात घातला. गाळ निघाला, पाला निघाला, कंगव्याचा एक तुकडा निघाला. काच नाही. हे मी माझ्या बाजूनं म्हणून सांगत नाही. झालं म्हणून सांगते.

मग बाजारातून डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या. एक पाट्यावर फोडली. तुकडा वाळूवर घासून कडा बोथट केल्या. हिरड्याची शाई पातळ केली — पाण्याचा अंदाज अगदी बरोबर — आणि त्यावर सोडली, वरची टिपली. घासलेल्या कडांमध्ये काळं जाऊन बसलं. तीन वर्षं मातीत होता, असंच कुणीही म्हणावं. आणि हे सांगायला सगळ्यात जड जातंय — तो तुकडा बघून मला बरं वाटलं. काम चांगलं झालं होतं.

काशीबाईंनी तो कपाळाला लावला, पदराला गाठ मारली. पंगतीतल्या मुली ओरडत होत्या, "मावशी, भाकरी!" त्यांना ऐकूच येत नव्हतं.

पुढं लग्न होऊन मी नांदेडला आले. तरी दर साली महालक्ष्म्यांच्या आधी काशीबाई एस.टी.नं येतात. आता दिसतं कमी. पिशवीत डझनभर हिरव्या बांगड्या असतात. पहिल्या वर्षी म्हणाल्या, "मी रांडाव बाई, कासारनीकडून भरून घ्या." मीच म्हणाले, असलं मी मानत नाही, तुम्हीच भरा. तेव्हापासून त्याच भरतात. भरता भरता दर वेळी म्हणतात, "माजी लेक तुमी काढून दिली मातीतून."

दर वेळी मी तोंड उघडते. हात आखडतो. त्यांना तो आखडलेला कळतो.

"ढिल्ला सोडा म्याडम हात. टिचंल न्हाईतर."

मी हात ढिला सोडते.