परत फेकलेला बॉल

अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलरला उन्हाळ्यात दुपारी चिटपाखरू दिसत नाही. माझे बाबा पुण्याहून आले त्या वर्षी तर नळालाही गरमच पाणी येई. नवरा ऑफिसात, मी डिपेंडंट व्हिसावर घरात, आणि बाबांना अजिबात करमेना. शेवटी समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या काकांनी आम्हाला टीव्हीवर बेसबॉल बघायला बोलावलं. अमेरिकन माणूस, पण मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणायची.

त्यांच्याकडे पडदे ओढलेले असत, पंखा मंद फिरत असे, आणि टीव्हीतली हिरवळ हळूहळू खोलीभर पसरल्यासारखी वाटे. बॉल टाकणारा टोपी सारखी करी, थुंके, पुन्हा टोपी सारखी करी. मला डुलकी लागे. जाग आली तरी स्कोअर तोच. बाबा मात्र खूश.

"आपली टेस्ट मॅच तरी काय वेगळी असायची?" ते म्हणत. काका इंग्रजीत बोलत, बाबा मराठीत, आणि दोघांचं झकास जमे. मीही तिथे सुखात असे. घरच्या आठवणीनं होणारी तगमग त्या अंधाऱ्या गारव्यात निवायची.

रविवारी काकांची मुलगी पोरांना घेऊन येई. पोरं "सो बोरिंग, ग्रँडपा" म्हणत खुशाल चॅनेल बदलत. त्यांना फुटबॉल हवा, नाहीतर व्हिडिओ गेम. "आता बेसबॉल बघतंय कोण?" मुलगी हसून म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खेळ बघताना शेजारी घरचं कुणीतरी असावं, एवढंच तर त्या माणसाला हवं होतं.

सप्टेंबरात त्यांनी सगळ्यांची मॅचची तिकिटं काढली. मुलीनं आयत्या वेळी कॅन्सल केलं, म्हणून आम्ही तिघंच गेलो. काकांनी जुना चामड्याचा ग्लव्ह सोबत घेतला होता. प्रेक्षकांत आलेला बॉल ज्याच्या हाती लागेल त्याचा, आणि आपल्याला तो लहानपणापासून एकदाही मिळालेला नाही, असं ते गाडीत सांगत होते. बाबांनी न समजता छान मान डोलावली.

स्टेडियमचं छत बंद होतं. आत दुधाळ उजेड आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा. मी कुठेतरी तरंगत असल्यासारखी बसले होते. तेवढ्यात बॉल उंच उडाला, पुढच्या रिकाम्या खुर्चीवर आपटला आणि थेट बाबांच्या ओंजळीत आला. काका ग्लव्हसकट उठून उभे राहिले. मी तोंड उघडायच्या आत बाबांनी हात मागे नेला आणि बॉल झोकात मैदानात परत फेकला. जन्मभर क्रिकेट बघितलेला माणूस, दुसरं काय करणार!

आजूबाजूचे चार लोक हळहळले. मी कपाळावर हात मारला. "अहो बाबा, तो ठेवायचा असतो! काकांना आयुष्यभर हवा होता!"

बाबांचा चेहरा उतरला. "अगं, पण त्यांचा खेळ थांबला असता ना."

काकांनी मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ते खाली बसले. ग्लव्ह काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"हा खेळ थांबू नये असं वाटणारं," ते हळूच म्हणाले, "माझ्या घरात कुणी उरलेलं नाही. त्यांना सांग."

मला ते मराठीत सांगायला जरा वेळ लागला.