उलट्या सरांचा कोपरा

माझ्या भावोजींना त्यांचे विद्यार्थी 'उलटे सर' म्हणत. तोंडावर नाही, पण जिन्यात, आणि तेही भावोजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. घरच्या पुढच्या खोलीत ते नोकरदारांना इंग्रजी शिकवायचे आणि त्यांचा जीव एकाच धड्यात अडकलेला असे. इंग्रजीत जागा आधी सांगितली, तर कधीकधी क्रियापद पुढे उडी मारतं आणि कर्ता मागे राहतो, तो धडा. आपण म्हणतो, टेबलावर पाण्याचा जग आहे. यांचं म्हणजे, टेबलावर आहे... आणि मग जादूगारासारखा जग बाहेर काढायचा.

ही खोड घरातही शिरली होती.

"दारात उभा आहे," भावोजी घोषणा करत आणि थांबत.

"अहो, कोण ते बोला लवकर, दूध उतू जातंय!" ताई आतून ओरडे.

बाहेर बिचारा गॅसवाला ताटकळलेला असे.

हा धडा शिकवताना ते फूटपट्टीने खोलीतली एकेक वस्तू दाखवत. टेबलावर जग, दारामागे छत्री, कपाटाखाली चप्पल. शेवटी फूटपट्टी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे जाई. तिथे ताई विणत बसलेली असायची. घरात धड चालणारा पंखा एकच आणि त्याचा वारा त्या खुर्चीला लागायचा, म्हणून. स्वेटर वर्षानुवर्षं तोच. बाही झाली की गळा उसवायचा.

"इन द कॉर्नर सिट्स माय वाइफ," भावोजी म्हणत.

"म्हणजे छत्री-चपला दाखवून झाल्या की माझा नंबर!" ताई मान वर न करता म्हणे.

"अगं, इंग्रजीत मोठी माणसं शेवटी येतात."

वर्ग हसायचा. धडा संपला, हे हसण्यावरून कळायचं.

ताई गेली आणि वर्ग बंद पडला. भावोजी रडले नाहीत. दिलेलं जेवायचे, सांगितलं की अंघोळ करायचे. भेटायला आलेल्यांना "हो, हो" म्हणायचे, मग ते काय बोलताहेत याच्याशी त्यांचं देणंघेणं नसे. भाची, म्हणजे त्यांची मुलगी, त्यांना परगावी आपल्या घरी न्यायला आली. त्यालाही ते "हो" म्हणाले. मग विद्यार्थी वर्ग सुरू करा म्हणत दारात येऊन उभे राहिले, त्यांनाही "हो" म्हणाले.

भाची वैतागली. "बाबा, दोन्हीकडे हो कसं चालेल? आज वर्ग घेऊन बघा. नाही जमलं तर सरळ माझ्याबरोबर चला."

"बघू," भावोजी म्हणाले. भाची आणि मी दाराशी स्टुलांवर बसलो.

धडा नेमका तोच निघाला. जग झाला, छत्री झाली, चप्पल झाली. आवाज एका पट्टीत, रेल्वेच्या घोषणेसारखा.

"इन द कॉर्नर सिट्स..."

फूटपट्टी सवयीने कोपऱ्याकडे गेली. तिथे रिकामी खुर्ची. वरून पंखा आपला फिरतोय. भाचीने माझा दंड घट्ट धरला. भावोजी खुर्चीकडे बघत राहिले, जसं एखादा चुकीच्या मजल्यावर उतरल्यावर दारावरची पाटी वाचतो.

पुढच्या बाकावरच्या नर्सबाईंना राहवलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, "सर, नुसतं 'शी' म्हटलं तर?"

"नाही चालत," भावोजी म्हणाले. "शी म्हटलं की वाक्य असं उलटत नाही. तिथे माणूस लागतो. आणि अर्धवट ठेवता येत नाही."

मग मागच्या रांगेतला शिंपी उठला. गळ्यात टेप तशीच.

"मी बसतो सर. नाहीतरी मागे वारा लागत नाही."

तो खरंच जाऊन बसला. टेप काढून मांडीवर ठेवली आणि पंख्याखाली डोळे मिटून घेतले. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

भावोजींची फूटपट्टी अजून तिकडेच होती.

"इन द कॉर्नर सिट्स द टेलर," ते म्हणाले. "सगळ्यांनी म्हणा."

सगळ्यांनी म्हटलं.

"पुढचं वाक्य," भावोजी म्हणाले आणि फूटपट्टी खिडकीकडे वळली.

वर्ग सुटल्यावर भाची बाकं सरकवत होती. खालून जिन्यात 'उलटे सर' असं ऐकू आलं.

"बाबा, त्या खुर्चीत तो बसला तेव्हा... त्रास झाला का हो?"

भावोजींनी विचार केला. "काही वाटलं नाही गं. वाटायला हवं होतं का?"

भाची माझ्याकडे बघू लागली. मी छताकडे.

"मग तिकिटांचं काय करू?" तिने विचारलं.

"तुझं एकटीचं काढ."

खुर्चीवर शिंप्याची टेप राहिली होती. भावोजींनी ती सावकाश गुंडाळली, टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावला.

"उद्या मागेल तो," ते म्हणाले आणि पंखा बंद केला.